पहिल्या गस्तीवर निघण्यापूर्वी

सोलापूरला समुद्र नाही. सिद्धेश्वर तलाव आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, पलीकडे उजनी आहे. पण खारे पाणी पाहायचे तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठावी लागते. तरीही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरात रोज दुपारी एक पाणबुडी बुडी मारत होती. बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन, खिडकीत कूलरची घरघर, आणि जुन्या लॅपटॉपसमोर नववीतला आमचा धाकटा. मधूनच तो कुजबुजायचा, "अम्मी, मिक्सर लावू नकोस, वर विनाशिका आहे!"

आम्ही दोघांनी आधी तेच केले जे सगळे आईबाप करतात. रागावलो. डोळे खराब होतील म्हणालो. ईदीचे पैसे यात घालवलेस का, असेही विचारले. मग एके दिवशी लाइट गेली, त्याची तीन तासांची गस्त पाण्यात गेली आणि तो रडकुंडीला आला. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही त्याच्या शेजारी बसलो आणि विचारले, "हे आहे तरी काय? आम्हालाही दाखव." पुढचे दोन महिने आम्हीही शिकलो. बऱ्याच वेळा बुडालो, एकदा आपल्याच बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटलो, आणि हळूहळू परत यायला शिकलो. ज्यांच्या घरी मुले हा खेळ खेळतात, किंवा ज्यांना स्वतः सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी ही शिदोरी.

हा खेळ कोणता?

आमच्या घरी खेळला जातो तो 'सायलेंट हंटर' मालिकेतला तिसरा भाग. युबिसॉफ्ट कंपनीने तो २००५ साली आणला. वीस वर्षे जुना असल्यामुळे त्याला महागडा संगणक लागत नाही. चौथा भाग २००७ चा. त्यात प्रशांत महासागरातली अमेरिकन पाणबुडी चालवायची असते. 'यूबोट' नावाचा नवा खेळही आहे. त्यात खलाशांची झोप, जेवण आणि मनःस्थितीसुद्धा सांभाळावी लागते. खेळ वेगळे असले तरी गस्तीचे मूळ नियम सगळीकडे सारखेच आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. तिसऱ्या भागात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान असतो. म्हणजे ते आरमार हिटलरच्या राजवटीचे. खेळात आपण त्या खुर्चीवर बसतो, म्हणून ती बाजू आपली होत नाही. हे वाक्य आम्ही पहिल्या आठवड्यात बोललो नाही. बोलायला हवे होते. का, ते पुढे येईलच.

आधी शाळा, मग समुद्र

बहुतेक मुले थेट मोहिमेवर निघतात आणि पहिल्याच दिवशी बुडतात. खेळात नाविक शाळा आहे. दिशा धरणे, टॉर्पेडो सोडणे, तोफ चालवणे, ताफ्यावर हल्ला करणे असे छोटे छोटे धडे तिथे आहेत. ते आधी पूर्ण करावेत. दोन-तीन दुपारी पुरतात.

मग मोहीम निवडताना वर्ष १९३९ किंवा १९४० घ्यावे. कारण सोपे आहे. युद्धाच्या सुरुवातीला पाणबुडी शोधण्याची साधने कमी होती. पुढे विमाने वाढली, रडार आले, आणि मे १९४३ या एका महिन्यात जर्मनांच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या नष्ट झाल्या. नवशिक्याने १९४३ मध्ये उतरणे म्हणजे सायकल शिकायला थेट पुणे हायवेवर जाणे.

पाणबुडी 'टाइप सात' घ्यावी. युद्धातली सर्वांत जास्त बांधलेली जर्मन पाणबुडी तीच. लांबी सुमारे ६७ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्यांहून थोडी जास्त. त्यात चाळीस-पन्नास माणसे, चौदा टॉर्पेडो आणि आठवडेच्या आठवडे पुरेल एवढे अन्न कोंबलेले. अन्न ठेवायला जागा नसे म्हणून दोनपैकी एका शौचालयातही सामान भरत. चाळींत वाढलेल्या आमच्यासारख्यांनाही ही दाटी ऐकून घाम फुटला.

खेळाच्या सेटिंगमध्ये वास्तवाचे प्रमाण कमी-जास्त करता येते. सुरुवातीला नेम धरण्याचे गणित शस्त्र अधिकाऱ्याकडेच राहू द्यावे. इंधनाची मर्यादा मात्र चालू ठेवावी. मर्यादा नसेल तर गस्तीचा अर्थच उरत नाही.

वर डिझेल, खाली बॅटरी

आमच्या मनात पाणबुडी म्हणजे सतत पाण्याखाली असणारी बोट होती. त्या काळची पाणबुडी तशी नव्हती. ती खरे तर पाण्यावर चालणारी बोट, जी गरज पडली तर काही वेळ खाली जाऊ शकते. पाण्यावर डिझेल इंजिन चालते आणि त्यावरच बॅटरी भरली जाते. पाण्याखाली डिझेलला हवा मिळत नाही, म्हणून फक्त बॅटरी.

सोलापूरच्या भाषेत हिशेब असा. समुद्रात वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. पाण्यावर १० नॉटने गेलात, तर सोलापूर ते पुणे हे अडीचशे किलोमीटरचे अंतर कापायला साडेतेरा तास लागतील. पण या वेगाने डिझेल भरपूर पुरते, आठ हजार सागरी मैलांच्या वर. तेच १७ नॉटने पळवलेत तर टाकी बघता बघता रिकामी होते. पाण्याखाली ४ नॉटने गेलात तर बॅटरी सुमारे ८० सागरी मैल पुरते, म्हणजे सोलापूरहून निघून भिगवणपर्यंत. तेही वीस तासांत. मग वर यावेच लागते, वर कोणी टपलेले असो वा नसो.

म्हणून नियम : प्रवास पाण्यावर, ९-१० नॉटने. विमानांचा धोका असलेल्या भागात दिवसा खाली, रात्री वर. विमान दिसले की तोफेकडे धावायचे नाही. 'सी' बटण दाबून तातडीची बुडी मारायची. पण त्याआधी तळाखाली किती पाणी आहे हे माहीत हवे. उथळ समुद्रात बुडी मारणे म्हणजे चादरीखाली लपून पाय बाहेर ठेवणे.

आणखी एक. खेळात वेळ पळवता येतो. हजारपटीने पळवला तर एक तास साडेतीन सेकंदांत जातो. मोकळ्या समुद्रात हे ठीक. किनाऱ्याजवळ आणि विमानांच्या भागात मात्र वेळ हळूच चालवावा. आम्ही खडकावर आपटलो ते याच घाईने.

डोळ्यांआधी कान

बंदरातून निघताना नकाशावरचा एक चौकोन तुम्हाला नेमून दिला जातो. तिथे पोहोचायचे आणि चोवीस तास गस्त घालायची. मुले चौकोनात पोहोचतात, इकडेतिकडे पाहतात, काहीच दिसत नाही म्हणून कंटाळतात.

येथेच खरा खेळ सुरू होतो. पाणबुडीवर हायड्रोफोन असतो, म्हणजे पाण्याखालचा कान. पुलावरच्या पहारेकऱ्याला जेवढे दूरचे दिसते, त्याच्या कितीतरी पलीकडचे हा कान ऐकतो. धुके असो, रात्र असो, त्याला फरक पडत नाही. म्हणून दर दोन-तीन तासांनी वीस-पंचवीस मीटर खाली जायचे, इंजिन मंद करायचे आणि कान लावायचे. संथ, जड 'धप धप' म्हणजे मालवाहू जहाज. भराभर, तीक्ष्ण आवाज म्हणजे युद्धनौका. आवाज कोणत्या दिशेला सरकतो आहे, हे दहा-पंधरा मिनिटे ऐकले की जहाज जवळ येते आहे की लांब जाते आहे ते समजते.

जो मुलगा आमचे एक वाक्य पूर्ण ऐकत नव्हता, तो हेडफोन लावून वीस-वीस मिनिटे स्तब्ध बसू लागला. सबर शिकवायला आम्ही त्याला किती गोष्टी सांगितल्या होत्या! जमले या यंत्राला.

नकाशावर चौकोनात फिरताना नागमोडी मार्ग आखावा, म्हणजे जास्त पाणी ऐकले जाते. व्यापारी मार्गांना आडवे फिरावे. आणि ताफा सापडला तर नवशिक्याने त्याच्या मागे लागू नये. एकटे जहाज शोधावे. ताफ्याभोवती विनाशिका असतात आणि त्या तुमच्या वयाचा विचार करत नाहीत.

पाठलाग नको, पुढे जाऊन थांबा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जहाज दिसले की त्याच्या मागे पळणे. पाण्याखाली तुमचा वेग जहाजापेक्षा कमी असतो; मागून कधीच गाठता येत नाही. म्हणून लांबून, पाण्यावरून वळसा घालून त्याच्या वाटेत पुढे जायचे, मग खाली जाऊन थांबायचे. वाट पाहण्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे त्याच्या मार्गाला काटकोनात, ८०० ते १००० मीटरवर. तीनशे मीटरच्या आत टॉर्पेडो फुटण्यासाठी तयारच झालेला नसतो.

वेग मोजण्याची एक जुनी युक्ती धाकट्याने आम्हाला शिकवली. घड्याळ लावायचे. तीन मिनिटे पंधरा सेकंदांत जहाज जितके शंभर मीटर सरकले, तितके नॉट त्याचा वेग. आठशे मीटर सरकले तर आठ नॉट. का, म्हणून थोरलीने कागदावर गणित करून पाहिले आणि खरेच जुळले. आठ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे चार मीटर. टॉर्पेडो तीस नॉटचा, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. नऊशे मीटर जायला त्याला एक मिनिट लागते, तेवढ्यात जहाज दोनशे चाळीस मीटर पुढे गेलेले असते. म्हणून नेम जहाजावर नाही, ते जिथे असणार आहे तिथे धरायचा. त्या दिवशी आमच्याकडे गणिताची शिकवणी फुकटात झाली.

बाकी लहान गोष्टी : पेरिस्कोप वर काढताना वेग दोन नॉटच्या आसपास, नाहीतर पाण्यावर फेसाची रेघ दिसते. पेरिस्कोप काही सेकंदच वर ठेवायचा. टॉर्पेडोच्या नळीचे दार आधी उघडून ठेवायचे. दिवसा विजेवर चालणारा टॉर्पेडो वापरायचा, त्याची पाण्यात रेघ उमटत नाही. वाफेवरचा रात्रीसाठी ठेवायचा.

झेंडा पाहिल्याशिवाय बटण नाही

एका रात्री धाकट्याने हे सगळे बरोबर केले. ऐकले, वळसा घातला, थांबला, मोजले, सोडला. पडद्यावर ज्वाळा उठल्या आणि जहाज हळूहळू एका बाजूला कलले. तो खुर्चीवरून उडीच मारून उठला. दादीअम्मा तख्तावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली.

"त्या बोटीवर कोण होतं रे?"

"कुणी नाही दादीअम्मा. मालवाहू आहे."

"मालवाहू बोट काय आपोआप चालते?"

तो गप्प झाला. मग दादीअम्मांनी जे सांगितले ते आम्हीही पुरते ऐकलेले नव्हते. त्यांचे माहेर रत्नागिरीकडचे. त्यांचे वडील परदेशी कंपनीच्या आगबोटीवर आगवाले होते, म्हणजे खाली बॉयलरमध्ये कोळसा घालणारे. त्या काळी कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतले पुरुष असेच बोटींवर होते. कोणी सारंग, कोणी टंडेल, कोणी खलाशी, कोणी भंडारी. युद्ध लागले तरी पोटासाठी ते जातच राहिले. पत्र आले की दादीअम्मांची आई ते वाचून घ्यायला मास्तरांच्या घरी जायची. कधी कधी चार-चार महिने पत्र यायचे नाही. "टॉर्पेडो हा शब्द मला शाळेच्या आधी माहीत होता," दादीअम्मा म्हणाल्या. त्यांचे वडील १९४६ मध्ये परत आले. वाडीतले सगळेच आले नाहीत.

त्या रात्री आम्ही पुस्तके आणि जुन्या नोंदी शोधू लागलो. जे सापडले ते असे.

१७ सप्टेंबर १९४० च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' हे प्रवासी जहाज उत्तर अटलांटिकमध्ये बुडवले गेले. बुडवणारी पाणबुडी यू-४८, आमच्या धाकट्याच्या पडद्यावर आहे त्याच टाइप सातची. जहाजावर ब्रिटनमधून कॅनडाला सुरक्षित पाठवण्यात येत असलेली नव्वद मुले होती. त्यांतली ७७ मुले गेली. एकूण २५८ माणसे गेली, आणि त्यांत मोठ्या संख्येने हिंदी खलाशी होते, पातळ कपड्यांत, थंडगार समुद्रात. कप्तानाला पेरिस्कोपमधून काय दिसले असेल? अंधारातली एक काळी आकृती. जशी आमच्या लॅपटॉपवर दिसते.

दुसरी घटना आपल्या मुंबईची. ब्रिटिश इंडिया कंपनीची 'तिलावा' ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून निघाली. मोंबासा, मापुतो, दरबान असा तिचा नेहमीचा आफ्रिकेचा मार्ग. तिच्यावर खलाशी आणि प्रवासी मिळून साडेनऊशेच्या वर माणसे होती. आफ्रिकेत दुकान असलेले व्यापारी, नोकरदार, नवऱ्याकडे निघालेल्या बायका, कडेवरची मुले. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला भर समुद्रात, जपानच्या आय-२९ या पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही. काही जण नावांतून परत बोटीवर चढले, वाचली असे समजून. मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसे गेली. उरलेली दोन-तीन दिवस समुद्रात तरंगत राहिली, तेव्हा ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम' तिथे पोहोचली. ६७८ जणांना उचलून तिने २७ नोव्हेंबरला मुंबईला आणले. निघाल्यापासून अवघ्या सात दिवसांनी तेच बंदर.

आणि इतिहास सरळ रेषेत चालत नाही तो असा. हीच आय-२९ पाच महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ रोजी मादागास्करजवळच्या समुद्रात एका जर्मन पाणबुडीला भेटली. त्या जर्मन पाणबुडीतून, यू-१८० मधून, दोन हिंदी माणसे खवळलेल्या समुद्रात रबरी नावेने जपानी पाणबुडीवर आली. एक नेताजी सुभाषचंद्र बोस. दुसरे त्यांचे साथीदार आबिद हसन, आपल्या शेजारच्या हैदराबादचे. 'जय हिंद' ही घोषणा ज्यांच्या नावाने सांगितली जाते ते. एकाच लोखंडी पोटाने तिलावाची माणसे समुद्रात टाकली आणि नेताजींना पूर्वेकडे नेले. जुलै १९४४ मध्ये एका अमेरिकन पाणबुडीने आय-२९ ला बुडवले.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने विचारले, "अब्बू, मग हा खेळ बंद करू का?" आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. उत्तर दादीअम्मांनीच दिले. "खेळ. पण आधी बघ, मग मार."

आणि गंमत म्हणजे खेळाचाही नियम तोच आहे. तटस्थ देशाचे जहाज बुडवले तर कप्तानाची पत घटते. म्हणून बटण दाबण्याआधी तीन गोष्टी करायच्या. पेरिस्कोपमधून झेंडा पाहायचा. ओळखपुस्तिका उघडून जहाजाचा आकार जुळवायचा : किती डोलकाठ्या, धुराडे कुठे, मागचा भाग कसा. रात्री जहाजावर दिवे लागलेले असतील तर विशेष सावध व्हायचे. युद्धातली जहाजे अंधार करून चालतात, तटस्थ जहाजे दिवे लावून. शंका असेल तर जाऊ द्यायचे. चौदा टॉर्पेडोंपैकी एक वाचला, एवढेच.

त्यानंतर धाकट्याने एक वही घातली. प्रत्येक गस्तीची तारीख, ऐकलेले आवाज, सोडलेली जहाजे आणि बुडवलेली जहाजे. सोडलेल्यांचा रकाना हल्ली लांब होतो आहे. तो म्हणतो, ओळखणे मारण्यापेक्षा अवघड आहे.

लपायचे कसे?

टॉर्पेडो सोडल्यावर सोबतची विनाशिका शोधत येते. आता तुमची पाळी. घाबरून वेग वाढवला तर मोटारीचा आवाज तिला ऐकू जातो. 'झेड' बटणाने शांत प्रवास सुरू करायचा, वेग दोन नॉट, टॉर्पेडो भरणे आणि दुरुस्ती बंद. दीडशे मीटरच्या आसपास खाली जायचे. विनाशिकेला आपली बाजू दाखवायची नाही. नाक किंवा शेपूट तिच्याकडे ठेवायचे, म्हणजे तिच्या ध्वनिलहरी परत फिरण्यासाठी जागा कमी मिळते.

ती डोक्यावरून जाताना डेप्थ चार्ज टाकते, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब. ते फुटत असताना पाण्यात इतका गोंगाट असतो की तिलाही काही ऐकू येत नाही. नेमक्या त्या वेळी वेग वाढवून वळायचे आणि गोंगाट थांबायच्या आत पुन्हा शांत व्हायचे. असे तास-दोन तास. वर जाण्याची घाई करणारे येथेच संपतात. विनाशिका गेली असे वाटल्यावरही अर्धा तास कान लावून बसावे.

परत येणे हाही गस्तीचाच भाग

नवशिक्या कप्तान टॉर्पेडो संपेपर्यंत लढतो आणि मग पाहतो तर टाकीत डिझेल नाही. टाकीचा एक तृतीयांश भाग परतीचा, त्याला हात लावायचा नाही. बंदराजवळ वेळ पळवणे बंद करायचे. शेवटचे काही मैलच विमानांना जास्त आवडतात.

आणि खेळ साठवून ठेवावा. पण पाण्याखाली असताना किंवा शत्रू समोर असताना नव्हे. अशा वेळी साठवलेला खेळ पुन्हा उघडताना बिघडू शकतो. मोकळ्या समुद्रात, पाण्यावर असताना, दर तासा-दोन तासांनी साठवावा. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो, हे वेगळे सांगायला नको.

परतीचे एवढे महत्त्व का, तर एका आकड्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४० हजार माणसांपैकी जवळजवळ ३० हजार परत आली नाहीत. चारांतले तीन. खालचे बुडाले आणि वरचेही बुडाले. वाट पाहणारी घरे दोन्हीकडे होती. म्हणून आमच्या घरात चांगला कप्तान कोण, याची व्याख्या ठरली आहे : जो सगळी माणसे घेऊन परत येतो तो.

घरच्यांसाठी चार शब्द

आमच्या घरात काही नियम ठरले. दिवसाला दीड तास, सुट्टीत दोन. अजान झाली की पाणबुडी थांबते. खेळात थांबवण्याचे बटण आहे, त्यामुळे 'अम्मी, एकच मिनिट' चालत नाही. हेडफोनचा आवाज मर्यादेत. रात्री अकरानंतर समुद्र बंद. आणि महिन्यातून एकदा आम्हा दोघांपैकी कोणीतरी त्याच्या शेजारी बसून एक पूर्ण गस्त खेळायची. हा शेवटचा नियम धाकट्याने स्वतः घातला. तुम्हीही घालून पाहा. मुले एकटी खेळली की खेळ फक्त नेमबाजीचा राहतो. शेजारी कोणी विचारणारे असले की त्यातून भूगोल निघतो, गणित निघते, इतिहास निघतो, आणि कधी आपल्याच घराची एक बंद पेटी उघडते.

ज्यांना खरी पाणबुडी पाहायची आहे, त्यांच्यासाठी एक सोय सांगतो. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' ही आपल्या नौदलाची पाणबुडी उभी आहे. १९६९ मध्ये ती नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी लोकांसाठी संग्रहालय म्हणून खुली झाली. आत शिरून इंजिनखोली, झोपायच्या फळ्या, टॉर्पेडोच्या नळ्या पाहता येतात. सोलापूरहून जाणारी कोणार्क एक्स्प्रेस थेट तिथे नेते. आणि पाणबुड्या फक्त जुन्या काळातच राहिल्या असे नाही. आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'कलवरी' २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली, आणि त्या मालिकेतली सहावी, 'वागशीर', २०२५ च्या जानेवारीत. ज्या मुलांना गणित आणि शास्त्र आवडते, त्यांना बारावीनंतर नौदलाची वाट सोलापूरहूनही मोकळी आहे.

इन्शाअल्लाह, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही विशाखापट्टणमला निघालो आहोत. तिकिटे काढताना दादीअम्मांना विचारले, एवढा लांबचा प्रवास झेपेल का? त्या म्हणाल्या, "अब्बा खाली कसे बसत असतील ते मला बघायचंय." ती पाणबुडी आहे, आगबोट नाही, असे धाकटा सांगायला गेला. मग थांबला, आणि त्यांचे नावही यादीत लिहिले.